तांबेऱ्याचा रंग

उसाच्या एका पानावरचे ठिपके मोजायला मला साडेतीन तास लागत. पान कापून त्याचे चार तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून टोकदार पेन्सिलीनं ठिपका न ठिपका गिरवायचा, मग तो कागद आलेखाच्या कागदावर ठेवून एक-एक मिलिमीटरचे चौकोन मोजायचे. ठिपक्यानं अर्ध्याहून जास्त चौकोन व्यापला असेल तर तो धरायचा, कमी असेल तर सोडायचा. हा नियम मला आमच्या सरांनी घालून दिला होता आणि सरांना त्यांच्या सरांनी.

दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते. उसाच्या वेगवेगळ्या जातींवर तांबेरा किती पसरतो, हा विषय. तांबेरा हा पानावर येणारा बुरशीचा रोग. पावसाळ्यात हवा कोंदट झाली की पानावर आधी पिवळसर बारीक डाग उठतात, ते लांबट होत जातात, मधोमध विटकरी होतात आणि त्यावर बोट फिरवलं की गंजासारखी पूड बोटाला लागते. कुठल्या जातीला हा रोग जास्त धरतो हे सांगायचं, तर आख्खं पान केवढं आणि त्यातला रोगट भाग केवढा, हे काढावं लागतं. म्हणून ते चौकोन.

पानं मिळवायला मला लांब जावं लागत नव्हतं. आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. वडील गावातल्या दूध संस्थेत कामाला होते आणि आई दुसऱ्यांच्या उसात भांगलायला, म्हणजे तण काढायला जायची. ज्यांच्या रानात ती जायची त्या मालकांना मी विचारायला गेले, तेव्हा ते म्हणाले, "पानंच नेताय न्हवं? न्या की! ऊस तेवढा ठेवा म्हंजे झालं."

पहिल्या दिवशी मी हाताला येईल ते पान तोडलं. आई दोन सऱ्यांपलीकडून ओरडली, "ते नको, ते खालचं हाय, वाळाय लागलंय. वरनं तिसरं घे. हे बघ, हे असं." आईनं शाळा पाहिली नव्हती. पण संशोधनाच्या पुस्तकात पान निवडण्याची जी पद्धत दिली होती, तीही वरून तिसऱ्या पानाचीच होती. मी तिला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "मग पुस्तक बरोबर हाय."

पहिला हंगाम मी असाच काढला. सकाळच्या एसटीनं पानं घेऊन यायचं आणि प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी संध्याकाळपर्यंत मोजत बसायचं. दिवसाला दोन पानं झाली तर खूप. हंगाम संपेस्तोवर माझ्या चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "एवढं बारीक काय करता तुम्ही? भरतकाम?" मी म्हटलं, "ठिपके मोजते." त्यांना ती थट्टा वाटली.

सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "डोळ्यांना विश्रांती दे. रविवारी मोजू नकोस." सर कठोर नव्हते. पण मोजण्याला दुसरा रस्ता असू शकतो, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी प्रगती अहवाल टाइप करून घ्यायला राजारामपुरीतल्या एका डीटीपी सेंटरमध्ये गेले. एका गाळ्यात दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक प्रिंटर. सेंटर एक बाई एकट्या चालवायच्या. वय पस्तीसच्या पुढं, केस घट्ट बांधलेले, आवाज रस्त्यापर्यंत जाणारा. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशा त्या स्वतःबद्दल "मी जातो, मी करतो" असंच बोलत. मी त्यांना ताई म्हणायला लागले आणि त्यांनी मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं केलं.

"बस तिथं. एवढं नवरीचं काम उरकतो आणि तुझं घेतो," त्या म्हणाल्या.

पडद्यावर लग्नाचा फोटो होता. नवरीची साडी हिरवी होती आणि घरच्यांना अल्बमच्या पहिल्या पानावर ती लाल हवी होती. ताईंनी कांडीसारखं दिसणारं एक चित्र निवडलं आणि साडीच्या पदरावर क्लिक केलं. क्षणात साडीच्या कडेनं एक तुटक रेघ उमटली आणि ती सरपटायला लागली, जशी मुंग्यांची रांग. पण ती रेघ साडीपाशी थांबली नव्हती. मागच्या मांडवावर बांधलेल्या आंब्याच्या डहाळ्यांभोवतीही तीच रांग फिरत होती.

"बघ, आंधळी हाय ही कांडी," ताई वैतागून म्हणाल्या. "तिला रंग तेवढा कळतो. साडी कुठली, डहाळी कुठली, काय बी कळत न्हाय. एका ठिकाणी हिरवं दावलं की दिसंल तिथलं हिरवं गोळा करून आणती."

मी खुर्चीवरून उठले. "ताई, म्हणजे फोटोतला सगळा एका रंगाचा भाग ही एकदम निवडते?"

"व्हय की."

"आणि निवडलेला भाग केवढा आहे, ते सांगते?"

"केवढा म्हंजे?"

"म्हणजे त्यात किती ठिपके आहेत? हा फोटो बारीक ठिपक्यांचाच असतो ना? पिक्सेलचा?"

 आठ वर्षं ताई हे काम करत होत्या आणि हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. नवरीची साडी किती पिक्सेलची आहे, याच्याशी कुणाला काय घेणं? पण बाई जिद्दीची. "थांब," म्हणाल्या, आणि एक-एक मेनू उघडून बघायला लागल्या. त्यांनी कधी हातच लावला नव्हता असे मेनू. दहा-बारा खिडक्या उघडून बंद केल्यावर एक छोटी खिडकी आली. तिच्यात डोंगरासारखी एक आकृती होती आणि खाली बारीक अक्षरात आकडे. त्यातल्या एका ओळीत पिक्सेल असा शब्द होता आणि समोर सहा आकडी संख्या. ताईंनी साडीऐवजी फक्त नवरीचं कुंकू निवडून पुन्हा ती खिडकी उघडली. आकडा एकदम लहान झाला.

मी खाली बसले. साडीची संख्या सापडायला पाच मिनिटंही लागली नव्हती. माझ्या मनात आधीचा आख्खा पावसाळा येऊन गेला. त्यावेळी मला आनंद झाला नाही. राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

"उसाचं पान स्कॅनरवर ठेवलं तर चालेल?" मी विचारलं.

"काय ठेवशील?"

मी सगळं सांगितलं. तांबेरा, चौकोन, पेन्सिल. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काच खराब केलीस तर बघ. मधी प्लास्टिक टाकायचं. आणि दुपारी दोन ते चार ये, तवा गिऱ्हाईक नसतंय." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "तुझं शुद्धलेखन बरं हाय का?"

"चांगलं आहे."

"मग लग्नपत्रिका तपासून द्यायच्या. मागच्या म्हयन्यात एका पत्रिकेत मुलीच्या बापाच्या नावाची वेलांटी चुकली आणि तो मानूस हितं येऊन तासभर ओरडून गेला."

असा आमचा व्यवहार ठरला.

पावसाळा सुरू झाला, तांबेरा दिसायला लागला आणि मी पहिलं पान घेऊन सेंटरवर गेले. ते वाया गेलं. सकाळी सातला तोडलेलं पान दुपारी दोनपर्यंत सुकून नळीसारखं गुंडाळलं होतं. स्कॅनरचं झाकण दाबून धरलं, तरी कडा आतच. संध्याकाळी आईला सांगितलं. ती म्हणाली, "कागदात कशाला गुंडाळलंस? कागद पाणी पितोय. केळीच्या पानात घाल आणि वरनं वलं फडकं." दुसऱ्या दिवशी पान तोडल्यासारखं ताजं पोचलं.

मग दुसरी अडचण. स्कॅनरच्या झाकणाची आतली बाजू पांढरी. उसाच्या पानाची मधली शीर फिकट, जवळजवळ पांढरीच. पान निवडायला गेलं की कांडी शीर सोडून द्यायची आणि पार्श्वभूमी निवडायला गेलं की शीरही गोळा करायची. दोन दुपारी आम्ही तिच्याशी झगडलो. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "पानात कुठला रंग न्हाय, ते सांग."

मी पानाकडं बघितलं. हिरवा, पिवळा, विटकरी, तपकिरी, पांढरा. "निळा नाही."

"मग मागं निळा कागद ठेव की!"

समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी गडद निळा कार्डशीट आणला. त्याच्यावर पानाचे चारही तुकडे शेजारी शेजारी ठेवून स्कॅन केले, निळ्यावर क्लिक केलं, आणि मुंग्यांची रांग पानाच्या कडेनं फिरली, धाग्यानं शिवल्यासारखी. निवड उलटी केली की आख्खं पान. खिडकीतला आकडा वहीत उतरवला. मग ठिपक्यावर क्लिक केलं.

खरी अडचण इथं सुरू झाली. कांडीशेजारी एक चौकट होती, टॉलरन्सची. तिच्यात छोटा आकडा टाकला, तर ज्या रंगावर क्लिक केलं अगदी तेवढाच रंग ती निवडायची. मोठा टाकला, तर आसपासच्या छटाही घ्यायची. वीस टाकले तर ठिपक्याच्या मधला विटकरी गाभा तेवढा आला. साठ टाकले तर गाभ्याभोवतीचं पिवळं वलयसुद्धा आलं. दोन्हींच्या संख्येत दुपटीहून जास्त फरक.

"यातलं कुठलं खरं?" ताईंनी विचारलं.

 वलयात बुरशी पोचलेली असते का? असते, पण तिथं ती अजून फुटलेली नसते. मग ते रोगट धरायचं की नाही? हा प्रश्न मी एक आख्खा हंगाम रोज शंभरदा सोडवला होता आणि सोडवतेय हे मला कळलंही नव्हतं. पेन्सिल फिरवताना कधी वलयाच्या बाहेरून रेघ गेली असेल, कधी आतून. सकाळी डोळे ताजे असताना बाहेरून, संध्याकाळी कंटाळा आल्यावर आतून. कॉम्प्युटर मला निदान विचारत तरी होता. पेन्सिलीनं विचारलं नव्हतं.

मी सूक्ष्मदर्शकाखाली बसले. आठ दिवस ठिपक्यांचे काप घेऊन बघितलं, आणि ठरवलं की जिथं बुरशी पृष्ठभाग फोडून बाहेर आली आहे, तेवढाच भाग धरायचा. वलय सोडायचं. मग तोच भाग बरोबर निवडला जाईल असा आकडा शोधला आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवला. त्यानंतर तो बदलला नाही.

एवढं झाल्यावर मी सरांकडं गेले.

सरांनी प्रिंट बघितले. निळ्या कागदावर हिरवे तुकडे, निवडलेले ठिपके पांढरे करून दाखवलेले. बराच वेळ बघून त्यांनी ते टेबलावर ठेवले.

"हे कुठं केलंस?"

"राजारामपुरीत. एका डीटीपी सेंटरमध्ये."

"म्हणजे जिथं लग्नाच्या फोटोत काळ्या माणसाला गोरं करतात, तिथं."

"हो, सर."

"मग उद्या मी विचारलं, की यातला एक ठिपका तू पुसला नाहीस कशावरून, तर काय सांगशील?"

प्रश्न बरोबर होता. मला तो आवडला नाही, पण बरोबर होता. मी म्हटलं, "सर, पान जपून ठेवीन. प्रत्येक प्रिंटशेजारी दाबून वाळवलेलं पान. कुणालाही ताडून बघता येईल."

"आणि ही पद्धत हातानं मोजण्याइतकी अचूक आहे, हे कशावरून?"

"ते मी दाखवते."

"तीस पानं," सर म्हणाले. "प्रत्येक पान दोन्ही पद्धतींनी. मग बोलू."

त्यानंतरचा महिना-दीड महिना मी कसा काढला, ते आजही मला अंगात आठवतं. पहाटे उठून आईबरोबर रानात. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. हाताला चिरा पडायच्या आणि त्यात घाम गेला की चुणचुणायचं. मग एसटी, मग प्रयोगशाळा, एक वाजेपर्यंत पेन्सिल आणि चौकोन. मग तेच तुकडे ओल्या फडक्यात घालून दोनला सेंटरवर, स्कॅन, कांडी, आकडा. मग चारपर्यंत पत्रिकांच्या वेलांट्या. दिवसाला एक पान. कधी दुपारी लाइट जायची आणि ताई म्हणायच्या, "बस, येतीय." ती चारलाच यायची. मग ते पान वाया. दुसऱ्या दिवशी नवं. तीस पानांना एक्केचाळीस दिवस लागले.

तीस पानांपैकी बावीस पानांत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होते. आठ पानांत मोठा फरक होता. ते सगळं कागदावर मांडून मी सरांपुढं ठेवलं.

"आठ पानं चुकली तुझ्या कॉम्प्युटरची," सर म्हणाले.

"तीन चुकली, सर. पाच माझी चुकली."

मी ती आठही पानं बरोबर आणली होती. पाच पानांत मी पेन्सिलीनं वलय आत घेतलं होतं, ठरवूनसुद्धा. ट्रेसिंग पेपर पानावर ठेवून दाखवता येत होतं. उरलेल्या तीन पानांत चूक खरोखर कांडीची होती. त्या पानांची कड वाळून तपकिरी झाली होती, आणि वाळलेली तपकिरी कड व तांबेऱ्याचा विटकरी डाग यांतला फरक कांडीला कळला नव्हता. तिनं दोन्ही गोळा केले होते.

"म्हणजे हिला रोग ओळखता येत नाही," सर म्हणाले.

"नाही येत. रोग मीच ओळखायचा. वाळलेल्या कडेला पडद्यावर आधी हातानं रेघेचं कुंपण घालून ती बाजूला काढायची, मग हिला सोडायचं. मोजायचं तेवढं काम तिचं."

 सरांनी दाबलेल्या पानांतलं एक उचललं, कपाटातून ट्रेसिंग पेपर काढला आणि खिडकीपाशी माझ्या जागेवर जाऊन बसले. विभागप्रमुख माणूस, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली. जेवायला न उठता त्यांनी एका तुकड्याचे ठिपके गिरवले, चौकोन मोजले, आकडा लिहून कागद घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आले, तोच तुकडा, नवा ट्रेसिंग पेपर. मी माझ्या टेबलावर मान खाली घालून बसले होते. मोजून झाल्यावर त्यांनी खिशातली घडी उघडली आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघितले.

"बरीच तफावत आहे," ते म्हणाले. स्वतःशीच म्हणाल्यासारखं. मग माझ्याकडं वळून, "पद्धतीचं स्वतंत्र प्रकरण लिही. तो निळा कागद, तो आकडा, कुंपण, सगळं. कुणालाही तुझ्यामागं तसंच्या तसं करता आलं पाहिजे."

मी हो म्हटलं. पण मला आणखी एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला मी तीन दिवस घेतले.

"सर, पहिल्या हंगामाचे आकडे मी काढून टाकणार आहे."

सरांनी चष्मा काढला. "का?"

"त्यात मी वलय कधी धरलंय, कधी सोडलंय. कुठं काय केलंय, ते मलाच माहीत नाही."

"तेव्हा तीच पद्धत होती. तळटीप दे. असं सगळेच करतात, आणि ते खोटं नसतं."

"ती पानं दाबून ठेवली नव्हती, रंग उडालाय, परत स्कॅन करता येत नाहीत. मी तपासून बघितलं. सर, माझा त्या आकड्यांवर विश्वास नाही. मग मी ते छापू कसे?"

"या हंगामाचं अर्धं तुलनेत गेलंय. म्हणजे तुला आणखी एक आख्खा पावसाळा लागेल. कळतंय ना?"

"हो, सर."

"मुलींना घरून एवढी वर्षं मिळत नाहीत," सर हळू आवाजात म्हणाले. ते खरं होतं. माझ्या मावशीनं इचलकरंजीकडचं एक स्थळ आणलं होतं आणि विहारातल्या बायका दर पौर्णिमेला आईला विचारायच्या, पोरीचं शिक्षण संपलं का म्हणून.

मी घरी आले. वडील जेवत होते, आई भाकरी थापत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की अजून एक वर्ष लागेल, आणि गेल्या वर्षीचं सगळं मी स्वतःच टाकून दिलंय.

वडिलांनी घास हातात धरला. "कुणी टाकायला लावलं?"

"कुणी नाही. चुकलं होतं."

"मास्तरला कळलं असतं का?"

"नाही."

ते आईकडं बघायला लागले. आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "कर की," ती म्हणाली. "उसाचं खोडवं न्हाय का ठेवत? एकदा तोडला म्हणून कोण रान मोडतंय? बुडख्याला परत फुटतोयच की." मग थोड्या वेळानं, "तुझ्या मावशीला मी सांगतो. ती जरा तडतडंल. तडतडू दे."

मावशी खरंच तडतडली. स्थळ दुसरीकडं गेलं. मी रडले नाही. पण त्या मुलाचा फोटो मला बरा वाटला होता, हे इथं लिहून ठेवते.

पुढच्या पावसाळ्यात मी चार जातींची पानं गोळा केली. काही पानं आमच्या गावची, काही एसटीनं गडहिंग्लजकडं जाऊन आणलेली. आता दिवसाला दहा-दहा पानं व्हायची. ताईंनी मला माऊसनं कुंपण घालायला शिकवलं. पहिल्या दिवशी माऊस असा घसरला, की रेघ पानात घुसली आणि कुंपण मोडलं. ताई म्हणाल्या, "मनगट टेबलावर टेकव, दंड सैल सोड. आणि श्वास धरू नको, लई जणी धरत्यात." पेन्सिलीची सवय मोडायला मला महिना लागला. भाद्रपद संपेपर्यंत मी ताईंच्या गिऱ्हाइकांच्या साड्यासुद्धा डहाळ्यांपासून सोडवून द्यायला लागले होते.

एका रविवारी आई सेंटर बघायला आली. पडद्यावर पान एवढं मोठं बघून ती जवळ गेली. बोट लावायला गेली आणि थांबली. मी ठिपक्यावर क्लिक केलं, पानभर मुंग्या धावल्या. तिनं विचारलं, "मग आता तांबेरा जाईल का ह्येनं?"

"नाही. किती आहे, ते कळेल."

"ते मला बघूनच कळतंय."

"तुला कळतं. पण कुणाला सांगायचं तर आकडा लागतो."

  ताईंनी आईला चहा पाजला आणि दोघी माझ्या वाळत चाललेल्या तब्येतीबद्दल बोलत बसल्या.

प्रबंध सादर केला. तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. साठीचे, बारीक आवाजाचे, समोर माझा प्रबंध आणि त्यात कागदाच्या खुणा खोचलेल्या. मी कॉम्प्युटरवरच्या प्रश्नांची तयारी करून गेले होते. रंग, पिक्सेल, टॉलरन्स, सगळं. त्यांनी त्यातलं काहीही विचारलं नाही.

"पिवळं वलय तुम्ही सोडलंत," ते म्हणाले. "मी असतो तर धरलं असतं. का सोडलंत?"

मी बोलायला सुरुवात केली. सूक्ष्मदर्शकाखालचे काप, बुरशी कुठपर्यंत फुटलेली असते, वलय हवेनुसार कसं कमी-जास्त दिसतं, दोन वेगळे आकडे टाकून काय फरक पडला. ते मधे मधे अडवत होते आणि मी अडत नव्हते. वीस-पंचवीस मिनिटांनी ते म्हणाले, "मला अजून पटलेलं नाही. पण तुम्ही ठरवलंय आणि ते लिहून ठेवलंय. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या प्रबंधांत ते कुणी ठरवलेलंच नसतं." सर खिडकीतून बाहेर बघत होते.

पदवी मिळाली. त्यानंतर वर्षभरात गडहिंग्लजच्या बाजूला एका कॉलेजात मला नोकरी लागली. विभागानं स्वतःचा स्कॅनर घेतला, तेव्हा नव्या विद्यार्थ्यांना शिकवायला सरांनी मला बोलावलं आणि स्वतः पहिल्या बाकावर वही उघडून बसले. त्यांच्या हातात माऊस काही केल्या बसेना. पण टॉलरन्सचा आकडा का बदलायचा नाही, हे त्यांनी पोरांना माझ्यापेक्षा चांगलं समजावलं.

प्रबंधाची एक बांधीव प्रत मी ताईंना द्यायला गेले. आभाराच्या पानावर त्यांचं नाव होतं. मी ते बोटानं दाखवलं. त्यांनी ते वाचलं, पदरानं नाक पुसलं आणि पानं उलटत चित्रांपाशी गेल्या. निळ्या कागदावरची हिरवी पानं. बराच वेळ त्यांनी ती उजेडाकडं धरून बघितली.

"कुठं छापलीस ही?"

मी प्रेसचं नाव सांगितलं.

"हिरवा मारलाय त्यांनी. बघ, सगळं पिवळट आलंय. पान असं असतंय व्हय?" त्यांनी पुस्तक मिटलं आणि कॉम्प्युटर चालू केला. "ती फायल हाय अजून माझ्याकडं. किती प्रती हाईत तुझ्या? सगळ्यांतली चित्रं काढ. मी नवी देतो."